नकार कोणी द्यायचा?

डेबियन ही संगणकप्रणाली तयार करणाऱ्या स्वयंसेवकांनी १९९८ साली आपल्या प्रकल्पासाठी लेखी घटना स्वीकारली. या घटनेमुळे प्रकल्पाचे काम करण्याचे बंधन कोणावरही येत नाही आणि सोपवलेले काम करायचे नसेल तर ते न करण्याची मुभा प्रत्येकाला आहे, असे तिच्या सुरुवातीच्याच एका कलमात म्हटले आहे. त्याच कलमाचा उत्तरार्ध असा की, नियमांनुसार झालेल्या निर्णयांच्या विरोधात मात्र कोणी सक्रियपणे काम करू नये. कामाची सक्ती नाही आणि अडवणुकीची मोकळीकही नाही, या दोहोंमधल्या चिंचोळ्या जागेत स्वयंसेवी ओपन सोर्स (मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पाच्या नेतृत्वाला उभे राहावे लागते. कंपनीतील वरिष्ठाच्या हाती पगार, बढती आणि बदली असते. इथल्या नेत्याच्या हाती यांपैकी काहीच नसते. अमुक सुविधा येत्या सहा महिन्यांत तयार झाली पाहिजे, असे तो जाहीर करू शकतो, पण ती लिहायला कोणी पुढे आले नाही तर ती घोषणा कागदावरच राहते, आणि बहुधा राहतेच.

मग अशा प्रकल्पाला दिशा देणे म्हणजे नेमके काय करणे? माझ्या मते नेत्याच्या हाती खऱ्या अर्थाने एकच अधिकार उरतो, तो म्हणजे आलेले काम नाकारण्याचा. कोणाकडून काय करून घ्यायचे हे त्याला ठरवता येत नाही, पण केलेल्यापैकी काय आत घ्यायचे नाही हे ठरवता येते, आणि वर्षानुवर्षे सातत्याने दिलेल्या अशा नकारांतूनच प्रकल्पाला आकार येतो. म्हणून नेतृत्वाचा वाद ‘एक प्रमुख असावा की नसावा’ असा मांडण्यात फारसा अर्थ नाही. नकार कोण देतो, कोणत्या लेखी नियमाच्या आधारे देतो, त्याची कारणे कुठे नोंदवली जातात आणि तो अधिकार त्याच्याकडून परत कसा घेतला जातो, हे विचारले पाहिजे.

यावर एक लोकप्रिय उत्तर तयार असते: जो काम करील तो ठरवील. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने चालणाऱ्या प्रकल्पांची संख्या मोठी आहे आणि या तत्त्वाचे गुणही नाकारण्यासारखे नाहीत. नुसती मते मांडणाऱ्यांपेक्षा राबणाऱ्यांचे वजन जास्त राहते, चर्चेचे घोंगडे भिजत पडत नाही, आणि नवख्या माणसालाही पहिल्या दिवसापासून काही घडवून आणता येते. परंतु हे तत्त्व फक्त ‘कोणी’ या प्रश्नाचे उत्तर देते. ‘कुठे’ या प्रश्नाला ते हातच घालत नाही. दहा जण दहा दिशांना मनापासून राबत असतील तर त्यांच्या श्रमांची बेरीज म्हणजे दिशा नव्हे.

एक साधा प्रसंग जवळून पाहू. मजकूर लिहिण्याच्या एखाद्या मुक्त प्रोग्रॅमसाठी कोणी एक जण सत्तर ओळींचा पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, पाठवतो. दर मिनिटाला फाइल आपोआप साठवली जावी, असा एक पर्याय त्यातून सेटिंग्जमध्ये येणार असतो. कोड नीट लिहिलेला आहे, चाचण्या पार पडतात, आणि चर्चेत आठ-दहा लोक लगेच ‘हे कधीपासून हवे होते’ असे लिहून जातात. प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या मेंटेनरला मात्र वेगळेच काही दिसत असते. नेटवर्कवरच्या फाइलवर दर मिनिटाला लिहिणे म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून तीच फाइल उघडून बसलेल्या माणसाच्या बदलांवर बोळा फिरवणे ठरू शकते. सेटिंगचे नाव एकदा प्रसिद्ध झाले की ते पुढची कित्येक वर्षे सांभाळावे लागते, कारण ते लोकांच्या फाइलींत जाऊन बसते. अनुवादकांना नवी वाक्ये द्यावी लागतात, माहितीपत्रकात भर घालावी लागते. शिवाय चालू-बंद स्वरूपाचे दहा पर्याय असले की त्यांच्या १,०२४ जुळण्या होतात आणि अकरावा येताच २,०४८. यांपैकी कोणत्या जुळणीत प्रोग्रॅम कोलमडतो याची चाचणी प्रत्यक्षात कोणीच करत नाही. एवढे होऊन पॅच स्वीकारला गेला, तर तो पाठवणारा दुसऱ्या दिवशी नाहीसा होऊ शकतो, आणि त्याला तसा पूर्ण हक्क आहे. देणाऱ्याचे श्रम एका संध्याकाळचे असतात, सांभाळणाऱ्याचे अनेक वर्षांचे. या विषमतेमुळेच, ज्याला पुढे निस्तरावे लागणार त्याला नकाराचा अधिकार असला पाहिजे, असे मी मानतो.

नकाराचा अधिकार म्हणजे लहर नव्हे. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, उदाहरण इथे उपयोगी पडते, जरी कर्नलचे बहुतेक काम आज पगारी अभियंते करत असल्याने त्याला निव्वळ स्वयंसेवी म्हणता येणार नाही. कर्नलमधील बदलामुळे वापरणाऱ्यांचे आधीपासून चालत आलेले प्रोग्रॅम बंद पडता कामा नयेत, हा कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम सर्वश्रुत आहे. एखादा बदल तांत्रिकदृष्ट्या कितीही देखणा असला, किंवा बंद पडलेला प्रोग्रॅम मुळातच चुकीचा लिहिलेला असला, तरी हा नियम सहसा वाकत नाही. हा नियम कोणाला काही करायला सांगत नाही. तरीही जगभरातील हजारो लोकांच्या कामाला त्याने वळण लावले आहे, कारण पॅच लिहायला बसण्यापूर्वीच लिहिणाऱ्याला ठाऊक असते की कोणत्या प्रकारचे काम परत येणार आहे. आधी कळलेला नकार श्रम वाचवतो. शेवटी कळलेला नकार माणूस घालवतो. रोडमॅपमध्ये पुढच्या आवृत्तीची वीस स्वप्ने लिहिण्यापेक्षा, ‘हा प्रकल्प पुढील गोष्टी करणार नाही’ असे एक पान लिहून ठेवणे मला कितीतरी मोलाचे वाटते. प्रकल्पांच्या पहिल्या पानावर स्वप्ने भरपूर आढळतात, हे दुसरे पान मात्र क्वचितच दिसते.

टोरवाल्ड्स यांच्या नकारांचा सूर हा वेगळा विषय आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त करून काही आठवडे कामापासून रजा घेतली आणि ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या देखरेखीखाली बाहेर पडली. कडक शब्दांवाचून कडक निकष टिकत नाहीत, असा युक्तिवाद करणारे तेव्हाही होते. तो मला पटत नाही. कर्नलचा निकष त्यानंतर सैल झाल्याचे दिसत नाही. शिव्या कमी झाल्या, नियम होता तिथेच राहिला.

नकारामागचे कारण लिहून ठेवण्याची सक्ती असावी का? अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत ती आहे. तिथे कोडमधील बदलाला मतदानाचा अधिकार असलेला एक सदस्यसुद्धा नकाराधिकार वापरून रोखू शकतो, मात्र त्यासोबत तांत्रिक कारण द्यावे लागते. कारणाशिवाय दिलेला नकार ग्राह्य धरला जात नाही. ही छोटी अट वरवर औपचारिक वाटते, पण ‘मला आवडत नाही’ आणि ‘यामुळे अमुक ठिकाणी बिघाड होईल’ यांत ती भेद करते, आणि दुसऱ्या प्रकारच्या वाक्याला कोणीही पुराव्याने उत्तर देऊ शकतो.

लिहून ठेवलेल्या नकाराचा सर्वांत बोलका दाखला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या इतिहासात सापडतो. एखाद्या चलाची किंमत पाहून अनेक पर्यायांतून एक वाट निवडणारी ‘स्विच’ रचना पायथनमध्ये यावी, अशी मागणी फार जुनी होती. भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी २००६ साली स्वतःच तसा प्रस्ताव लिहिला, तो पेप (पायथनमधील बदलाचा लेखी प्रस्ताव) ३१०३. पुढच्या वर्षी पायकॉन संमेलनातील आपल्या भाषणात त्यांनी श्रोत्यांचा कौल घेतला, प्रस्तावाला पाठिंबा नसल्याचे दिसले, आणि त्यांनी स्वतःचा प्रस्ताव स्वतःच नामंजूर केला. नामंजुरीचे ते दोन ओळींचे टिपण प्रस्तावाच्या माथ्यावर आजही वाचायला मिळते. पुढे २०२० मध्ये हा विषय नव्या, अधिक व्यापक स्वरूपात पुढे आला, फेब्रुवारी २०२१ मध्ये तो मंजूर झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीत ‘मॅच’ रचना दाखल झाली. या नव्या प्रस्तावाच्या लेखकांतही व्हान रॉसम होते. फरक इतकाच की या वेळी निकाल देणारे ते नव्हते. कधीकाळचा सर्वाधिकारी आता एक अर्जदार होता आणि पाच जणांच्या निवडून आलेल्या मंडळासमोर आपली बाजू मांडत होता. २००७ चा नकार लेखी नसता, तर त्या वेळी काय सुचवले गेले होते आणि ते का वगळले गेले, हे तेव्हा हजर असलेल्यांच्या स्मरणशक्तीवर सोडून द्यावे लागले असते.

ते मंडळ कसे आले, हेही पाहण्यासारखे आहे. व्हान रॉसम यांना समाजाने ‘आजन्म कृपाळू हुकूमशहा’ अशी अर्धी थट्टेची पदवी दिली होती, आणि वाद चिघळला की शेवटचा शब्द त्यांचा, ही पद्धत दोन दशकांहून अधिक काळ चालली. २०१८ मध्ये पेप ५७२ आला. एखाद्या समीकरणाच्या आतच चलाला किंमत देता यावी, एवढाच त्याचा विषय. अपूर्णविरामापुढे बरोबरचे चिन्ह, अशी दोन अक्षरे. त्यावर इतका कडाक्याचा वाद झाला की प्रस्ताव मंजूर केल्यानंतर १२ जुलै २०१८ रोजी व्हान रॉसम यांनी आपण या भूमिकेतून कायमचे बाजूला होत असल्याचे कळवले. एका प्रस्तावासाठी इतके झगडायचे आणि वर इतक्या लोकांचा रोष ओढवून घ्यायचा, हे पुन्हा नको, असे त्यांच्या पत्राचे सार होते. उत्तराधिकारी नेमायलाही त्यांनी नकार दिला आणि पुढची व्यवस्था इतरांनी ठरवावी, असे सांगितले. त्यानंतर कित्येक महिने भाषेत नव्या मोठ्या प्रस्तावांवर निर्णय देणारे कोणीच नव्हते. वेगवेगळ्या शासनपद्धतींचे प्रस्ताव आले, डिसेंबरमध्ये मतदान झाले आणि पाच सदस्यांच्या सुकाणू मंडळाची योजना निवडली गेली. एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोनाहून अधिक सदस्य त्यात असू नयेत, अशी अट तिच्यात आहे.

या प्रकरणातून ‘एकट्याची सत्ता वाईट’ असा निष्कर्ष काढणारे घाई करतात असे मला वाटते. एकट्याची सत्ता त्या भाषेला मानवली होती. तिच्यातील सुसंगती, जी आज तिच्या प्रसाराचे एक कारण मानली जाते, एका माणसाच्या अभिरुचीतून आली आहे. दोष सत्तेचा नव्हता. दोष असा की नकाराचा सगळा भार एकाच खांद्यावर होता आणि तो खांदा दमल्यास काय करायचे, याबद्दल एक ओळही कुठे लिहिलेली नव्हती. स्वयंसेवकाच्या बाबतीत दमणे ही अपवादात्मक घटना नाही. ती धरूनच चालावे लागते.

दुसऱ्या टोकाला, सर्व काही मताला टाकावे असे म्हणणारे आहेत. डेबियनमध्ये दरवर्षी प्रकल्पप्रमुखाची निवडणूक होते, मतदार उमेदवारांना पसंतिक्रम देतात, आणि निवडून आलेल्या प्रमुखाने निर्णय घेताना स्वतःच्या मताला अवाजवी महत्त्व देऊ नये, असे घटना बजावते. तरीही सर्वांत मोठ्या तांत्रिक वादात ही यंत्रणा कशी चालली ते पाहा. संगणक सुरू होताना पहिल्यांदा चालणारी व्यवस्था कोणती असावी, सिस्टमडी की अपस्टार्ट, हा प्रश्न तांत्रिक समितीकडे गेला. फेब्रुवारी २०१४ मध्ये समितीची मते समसमान विभागली गेली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी निवडले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात याच विषयाच्या एका अंगावर सर्व सदस्यांचे मतदान झाले, आणि जिंकलेला पर्याय असा होता की या बाबतीत सर्वसाधारण ठरावाची गरजच नाही. दरम्यान समितीतील काही जण बाहेर पडले आणि नाराजांनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली.

काही जण या घटनाक्रमाकडे लोकशाहीचे अपयश म्हणून पाहतात. मला नोव्हेंबरच्या निकालात बरेच शहाणपण दिसते. शेकडो मतदारांनी जणू असे सांगितले की ही बाब काम करणाऱ्यांनी, प्रस्थापित मार्गांनी सोडवावी. तिच्यावर जाहीरनामा काढू नये. मतदानाने वादाचा सोक्षमोक्ष लावता येतो, माणसे निवडता येतात आणि काढताही येतात. पण रचना मतदानाने होत नाही, कारण प्रत्येक प्रश्नावर वेगळे बहुमत जमते आणि त्या बहुमतांचा एकमेकांशी मेळ बसेलच असे नाही. माणसे मताने निवडावीत आणि त्यांनी ठरावीक मुदतीपर्यंत, कारणे देऊन, नकार द्यावेत, ही विभागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

टीकाकारांना गप्प करण्यासाठी एक वाक्य नेहमी वापरले जाते: पटत नसेल तर फोर्क करा. कोड मुक्त आहे, त्याची प्रत घ्या आणि आपल्या मनासारखे चालवा. हा हक्क खरा आहे आणि नेत्यावरचा तो अंतिम अंकुश आहे, याचा पुरावा जीसीसी या कंपायलरच्या (कोडचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) इतिहासात आहे. त्याचा विकास फारच बंदिस्त आणि संथ झाला आहे असे वाटणाऱ्यांनी १९९७ साली ईजीसीएस नावाने वेगळी शाखा काढली. सर्वांसाठी खुली असलेली ही शाखा इतकी पुढे गेली की एप्रिल १९९९ मध्ये मूळ प्रकल्पाने तिलाच अधिकृत जीसीसी म्हणून स्वीकारले आणि तिचे सुकाणू मंडळही त्यासोबत आले. जावास्क्रिप्ट भाषेतील प्रोग्रॅम चालवणाऱ्या नोड आणि आयओ या जोडीची कथाही साधारण अशीच: २०१४ च्या डिसेंबरात फुटले, २०१५ मध्ये नव्या फाउंडेशनखाली एकत्र आले.

पण फोर्क यशस्वी होण्यासाठी कोड पुरेसा नसतो; कोड सांभाळू शकणारी माणसे निघून यावी लागतात, आणि ती आली तरी नाव मागे राहते. ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या कामातील बरीच जाणती मंडळी सप्टेंबर २०१० मध्ये बाहेर पडून त्यांनी लिब्रेऑफिस सुरू केले. विकासाचा जोम त्यांच्याबरोबर गेला, जुने नाव गेले नाही, आणि त्या नावाने शोध घेणारे लोक त्यानंतर कित्येक वर्षे, फारशी हालचाल नसलेल्या मूळ प्रकल्पाकडेच पोहोचत राहिले. ज्या नवख्याचा एक पॅच परत गेला आहे, त्याला ‘फोर्क करा’ म्हणणे हे उत्तर नव्हे, हात झटकणे आहे. हा अंकुश पन्नास जाणत्यांच्या गटाच्या हाती आहे, एकट्याच्या हाती नाही. एकट्याला हवे असते ते नकाराचे कारण आणि त्यावर दुसऱ्या कोणाकडे दाद मागण्याची सोय.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना प्रकल्पावर पूर्णवेळ बसवतात तेव्हा ‘जो काम करील तो ठरवील’ हे तत्त्व आपोआप ‘जो पगार देईल तो ठरवील’ असे होऊन बसते, आणि त्यासाठी कोणाचा हेतू वाईट असावा लागत नाही. आठवड्याचे चाळीस तास देणारा माणूस रविवारी दुपारी दोन तास देणाऱ्यापेक्षा नेहमीच आधी हजर असतो. पायथनच्या मंडळातील एका मालकामागे दोन ही मर्यादा म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. तिने पैसा अडत नाही, पण नकाराचा अधिकार मात्र एका दाराच्या आत जात नाही.

उरतो तो प्रश्न सर्वांत अवघड, आणि तो लहान प्रकल्पांचा आहे. वर आलेली नावे मोठी आहेत. बहुतांश ओपन सोर्स सॉफ्टवेअर एक-दोन माणसे चालवतात. फाइली आकसून साठवणारा एक्सझेड हा असाच प्रकल्प, जवळजवळ प्रत्येक लिनक्स प्रणालीत असलेला आणि प्रत्यक्षात एकाच स्वयंसेवकाच्या जोरावर चाललेला. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव आणायला सुरुवात केली: पॅच पडून आहेत, काम संथ आहे, जबाबदारी दुसऱ्याकडे का देत नाही? त्याने आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणी सांगितल्या आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, याची आठवण करून दिली. याच सुमारास एक मदतनीस चिकाटीने, नीटनेटके काम पाठवत होता. हळूहळू त्याच्याकडे अधिकार गेले. २९ मार्च २०२४ रोजी उघड झाले की त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला होता. तो सापडला तोही एका अभियंत्याला दूरस्थ लॉगिनसाठी अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवल्यामुळे.

या घटनेनंतर बहुतेक चर्चा सुरक्षेच्या तंत्रावर झाली. माझ्या दृष्टीने ती आधी नेतृत्वाची घटना आहे. दमलेल्या माणसाकडे नकार देण्याची ताकद उरली नव्हती, दबाव आणणारे नेमके कोण आहेत हे विचारायला शेजारी दुसरा कोणी नव्हता, आणि पदावरून सन्मानाने उतरण्याची कोणतीही ठरलेली वाट नव्हती; म्हणून जो पहिला दारात उभा राहिला त्याच्याकडे किल्ल्या गेल्या. अशा दोन माणसांच्या प्रकल्पाला घटना, मंडळ आणि निवडणुका सुचवणे हास्यास्पद ठरेल. त्यांना झेपेल एवढेच सांगता येते: प्रकल्प काय करणार नाही याच्या दहा ओळी, डोमेनचे नाव, प्रकाशनावर सही करण्याची किल्ली आणि कोडभांडाराचे सर्वाधिकार किमान दोन परस्परांना ओळखणाऱ्या माणसांकडे, नव्याला अधिकार देण्यापूर्वी पाळायची ठरावीक मुदत, जी बाहेरच्या तगाद्याने कमी होणार नाही, आणि मेंटेनरला पुढे चालवणे शक्य नसेल तर प्रकल्प गोठवला आहे असे स्पष्ट लिहून थांबण्याची मुभा. यातील शेवटच्या मुद्द्यावर वापरणाऱ्यांकडून, विशेषतः त्या कोडवर धंदा उभारलेल्यांकडून, ओरड होईल. त्यांना तो कोड पुढे चालवायला माणसे नेमता येतात, आणि ती नेमेपर्यंत गोठलेली आवृत्ती वापरताही येते.